काचेच्या कपाटातले गॉगल

पदवीदान समारंभाचा पाहुणा कोण, हे पत्रिकेवर वाचलं तेव्हाच माझं डोकं सणकलं. डॉ. पुरुषोत्तम! ज्या माणसानं माझ्या भावाचा डोळा गेल्यावर हात झटकले, तोच आता त्याच्या हातात पदवी देणार. चोर तो चोर, वर शिरजोर.

दोन वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात नळीतलं आम्ल उसळलं आणि महांतेशचा डावा डोळा गेला. तेव्हा हा पुरुषोत्तम याच कॉलेजचा प्राचार्य होता. टेबलावर सुरक्षेचे गॉगल ठेवले होते, मुलानंच घातले नाहीत, असा अहवाल त्यानं दिला. धादांत खोटं! गॉगल होते, पण काचेच्या कपाटात, कुलूपबंद, कोऱ्या प्लास्टिकसकट. तपासणीला कमिटी आली की टेबलांवर मांडायचे, कमिटी गेली की परत कपाटात, ही त्या कॉलेजची रीत. त्या अहवालापायी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाही कारखान्याची लॅब महांतेशला दारात उभं करत नव्हती. निष्काळजी पोराला आम्लाजवळ कोण ठेवणार? माझा भाऊ निष्काळजी नाही, हे चारचौघांत सिद्ध व्हावं, एवढंच मला हवं होतं.

"मी उठून बोलणार हं," सभागृहाच्या दारात मी त्याला बजावलं.

"अक्का, स्वल्प गप बस की," गाऊन सावरत तो म्हणाला. "आई निपाणीहून आलीय. पदवी तरी बघू दे तिला."

आईकडे बघून मी दातओठ खात खुर्चीत बसले.

स्टेजवर पुरुषोत्तमला म्हैसुरी पेटा चढवला, शाल घातली, फळांची करंडी दिली. मग तो माइकशी उभा राहून इंग्रजीत सुरू झाला. विषय काय, तर शिस्त!

"विज्ञानाला बेशिस्त खपत नाही," तो म्हणाला. "याच कॉलेजात एका मुलानं आळसापायी स्वतःचा डोळा घालवला."

सगळ्या माना महांतेशकडे वळल्या. आईनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी उठलेच.

तेवढ्यात विद्यार्थ्यांच्या रांगेतून प्लास्टिक फाडल्याचा चरचर आवाज आला. महांतेशच्या वर्गातली पवित्रा डोळ्यांवर कोरा गॉगल चढवून उभी राहिली. मग तिच्या शेजारची, मग अख्खी रांग. पाहुण्याला लॅब दाखवायची म्हणून सकाळी ते कपाट पुसायला उघडलं होतं, आणि पोरींनी डाव साधला होता.

पुरुषोत्तम बोलायचा थांबला. आधी त्याला काही उमगेना. मग त्यानं ते गॉगल ओळखले आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. खुर्ची सुटली तरी खोड कुठली सुटायला! शेजारच्या नव्या प्राचार्यांवर तो खेकसला, आणि माइक तोंडासमोरच होता.

"हे तर कपाटातले! पुढच्या आठवड्यात कमिटी येतेय ना? पोरांच्या हाती किल्ली दिलीच कुणी?"

सगळ्या माना आता त्याच्याकडे वळल्या. आपण काय बोललो हे त्याला उशिरा कळलं. त्यानं माइक बाजूला ढकलला, पण सांडायचं ते सांडून गेलं होतं.

महांतेश सावकाश उभा राहिला. त्यानं गॉगल घातला नव्हता.

"त्या दिवशी मीपण हेच विचारत होतो, सर," तो म्हणाला. "किल्ली कुणाकडे आहे?"