बोलावणं

नामा भोईरानं लेकीच्या, शालूच्या लग्नासाठी डोंबिवली पूर्वेला हॉल घेतला, तेव्हा कोपरजवळच्या त्याच्या गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. साल एकोणनव्वद. तोवर गावात लग्न म्हणजे दारात मांडव. आधी गावकीची बैठक बसायची आणि कामं वाटली जायची. बांबू कुणी आणायचे, तांदूळ कुणी निवडायचे, पाणी कुणी भरायचं, सगळं तिथं ठरायचं. नामाला आता हे नकोसं झालं होतं. तो कारखान्यात सुपरवायझर, साहेब लोकांच्या लग्नांना जाऊन आलेला. तिथल्या गुबगुबीत खुर्च्या आणि आइस्क्रीमच्या वाट्या त्याच्या डोक्यात घर करून बसल्या होत्या. बैठक बोलवा, असं बायको शेवंती दोनदा म्हणाली. त्यानं उडवून लावलं. जेवण केटररचं, मांडव हॉलवाल्याचा, मग बैठक कशाला, चहा प्यायला? गावातल्या म्हाताऱ्यांना हे लागलं असणार, हे त्याला कळत होतं. कळूनही मान ताठच.

एक काम मात्र त्यानं चोख केलं. अक्षता घेऊन, शेवंतीला बरोबर घेऊन तो स्वतः दारोदार फिरला आणि प्रत्येक घराला चूलबंद आवतण दिलं. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी लग्नातच जेवायचं. गावाला आणायला वेशीवर दोन ट्रकही सांगून ठेवले. हळद आदल्या दिवशी हॉलवरच, सख्ख्या पाहुण्यांत उरकली. सगळं कसं झटपट आणि स्वच्छ. नामा खुशीत होता.

आणि लग्नाच्या दिवशी गाव आलंच नाही.

नवरदेवाचं वऱ्हाड कोलशेतहून वाजतगाजत आलं. त्यांची बाजू खच्चून भरली. नवरीकडच्या बाजूला दोन रांगा, त्याही नामाच्या बहिणींच्या आणि शेवंतीच्या माहेरच्या. मागं नुसत्या लाल खुर्च्या आणि त्यांच्यावर गरगरणारे पंखे. दुपारचा मुहूर्त जवळ येत चालला तसा नामा दाराशी जाऊन उभा राहायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. शालू नवरीच्या खोलीतून डोकावली आणि तिनं त्या खुर्च्या पाहिल्या. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. ज्या गावात ती लहानाची मोठी झाली, त्यातलं एकही माणूस तिच्यावर अक्षता टाकायला आलं नव्हतं. उद्या सासरी सगळे काय म्हणणार? हिच्या बापाला गावात कुणी विचारत नाही, हेच.

नामाचं डोकं सणकलं. बैठक घेतली नाही म्हणून गावानं सूड उगवला, दुसरं काय! अक्षता हातात घेताना गोड हसले आणि आज बरोब्बर नाक कापलं. शेवंतीला बाजूला घेऊन त्यानं गावाला नाही नाही ते सुनावलं. आयुष्यात पुन्हा त्या गल्लीत कुणाच्या दारी पाय ठेवणार नाही म्हणाला.

तेवढ्यात नवरदेवाचा बाप गुणाजी पाटील जवळ आला. रिकाम्या खुर्च्यांकडे त्याचंही लक्ष होतंच. तो हळूच म्हणाला, "व्याही, गावात बोलावना करायला कोन गेलाय?"

नामाच्या पायाखालची जमीनच सरकली.

आवतण मिळालं म्हणून त्यांच्यात कुणी आपणहून उठून लग्नाला जात नाही. लग्नाच्या दिवशी लग्नघरचं माणूस गल्लीतून पुन्हा हाक देत जातं. ती हाक ऐकली की मगच माणसं उंबरा ओलांडतात, नाहीतर जेवणाला हपापलेले म्हणून हसं होतं. तरुणपणी नामानं स्वतः कितीतरी लग्नांत ही हाक दिली होती. हे काम बैठकीत कुणाला तरी नेमून दिलं जायचं. बैठक झाली नव्हती. हॉलवाल्यावर सगळं सोपवलं, पण बोलावणं हे काही हॉलवाल्याचं काम नव्हतं. गावात कुणाला माहीत नाही अशी ही गोष्ट नव्हती, आणि नेमका तोच विसरला होता.

गुणाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मुहूर्त थोडा पुढं ढकलू, भटजींना मी समजावतो, तुम्ही पळा, असं म्हणाला. नामा फेट्यासकट रिक्षात बसला.

वेशीवर दोन्ही ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर सावलीत झोपले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एकाही घरातून धूर येत नव्हता. भर दुपारी अख्ख्या गावात चूल पेटलेली नव्हती.

पहिल्याच ओट्यावर ठमाबाई बसली होती. गावातल्या प्रत्येक लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाणारी ती म्हातारी. हिरवं लुगडं, केसांत अबोली, मांडीवर झोपलेला नातू, त्याच्या अंगात नवा सदरा. तिनं नामाकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आमी सकालपासून बसलोय रं," ती म्हणाली. "पोरां भुकेनं रडून झोपली. तुला काय झालं असंल ते समजंना."

नामाला तोंड वर करवेना. मघाशी शेवंतीजवळ याच माणसांना त्यानं दिलेल्या शिव्या त्याच्या कानांत वाजत होत्या. दारादारांत माणसं येऊन उभी राहिली, पण उंबऱ्याच्या आतच. त्यानं हात जोडले. कुणी हललं नाही. नुसते हात जोडून चालत नाही, हाक तोंडानं द्यावी लागते. कसाबसा तो ओरडला, "चला... माझे शालूचं लगीन हाय, चला."

सगळी गल्ली एकदम बाहेर आली. चपला शोधायला कुणी आत वळलं नाही, त्या सकाळपासून पायांतच होत्या. नामा तिथंच रस्त्यात मटकन खाली बसला आणि सगळ्यांच्या देखत हुंदके देऊन रडला.

ठमाबाईनं नातवाला कडेवर घेतलं आणि ओट्यावरून उतरून त्याचा दंड धरला.

"ऊठ," ती म्हणाली. "नवरीचे बापानं पुढं चालायचं असतं."