एकेचाळीस क्लिक

लहान मुलांच्या कपड्यांच्या त्या कंपनीत तिचं काम ठरलेलं होतं. गिऱ्हाइकांना ईमेल पाठवायचे, कुणी कुठल्या लिंकवर क्लिक केलं ते बघायचं आणि त्यातल्या किती जणांनी खरेदी केली याचा तक्ता दर सोमवारी साहेबांपुढे ठेवायचा. सात वर्षं हेच. हल्ली आकडा चढला काय नि उतरला काय, तिला काही वाटेनासं झालं होतं.

त्या सोमवारी साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ही बाई बघा. तीन महिन्यांत एकेचाळीस क्लिक आणि खरेदी शून्य. घ्यायचंय, पण हात आखडतोय. हिला आणखी ईमेल पाठवा."

"आठवड्याला चार जातातच, साहेब."

"मग सहा पाठवा!"

जागेवर येऊन तिने त्या बाईची नोंद उघडली. झबल्यांवर क्लिक नाही, मोज्यांवर नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस क्लिक तळाच्या बारीक अक्षरांवर: 'ईमेल नको असल्यास इथे क्लिक करा.' तिने स्वतः ती लिंक दाबून पाहिली. पान उघडेना. तीन महिन्यांपूर्वी वेबसाइट बदलली, तेव्हा ते पान जोडायचं राहूनच गेलं होतं. यंत्रणा मात्र प्रत्येक क्लिक मोजून बाईला 'उत्सुक गिऱ्हाईक' ठरवत होती. शेवटचा ईमेल कालच गेला होता: 'तुमचं बाळ तीन महिन्यांचं झालं!' तो मजकूर तिचाच.

नोंदीत फोन नंबर होता. जिन्यात जाऊन तिने तो लावला. एका वयस्कर बाईंनी उचलला. तिने कंपनीचं नाव सांगितलं.

"आमचं बाळ दुसऱ्याच दिवशी गेलं हो," त्या म्हणाल्या. "सूनबाई तुमचं प्रत्येक पत्र उघडते नि नको म्हणून दाबते. मी म्हटलं, अगं, बघूच नकोस. तर म्हणते, आई, कधीतरी कळेल त्यांना."

"कळलं," ती म्हणाली, "पण फार उशिरा. चूक आमची आहे. आता एकही येणार नाही. त्यांना सांगाल?"

"सांगते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तसे आणखी दोनशे बारा पत्ते निघाले. कुणाची काय कारणं होती, देव जाणे. तिने एकेक करून सगळे काढले, प्रोग्रामरच्या मागे लागून ते पान दुरुस्त करून घेतलं. दुपार त्यातच गेली.

पुढच्या सोमवारी साहेब तक्ता बघून चक्रावले. "क्लिक निम्मे? सहा ईमेल पाठवलेत ना?"

"नाही पाठवले. लोक नको नको म्हणत होते, साहेब. आपण तेच मोजत होतो."

तिने सगळं सांगितलं. साहेबांनी तक्ता बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "ठीक आहे. पण या आठवड्यात आकडा वर आणा."

ती जागेवर आली आणि नव्या ईमेलचा विषय लिहायला बसली. कितीतरी वेळ तिला एक शब्द सुचला नाही.