एकसारखे कप्पे

१९९१ साली पितांबर पाटील धुळ्यातल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात नोकरीला होता. अमळनेरच्या एका तेल गिरणीसाठी त्याने टाक्यांचं तापमान सांभाळणारं यंत्र बनवलं. त्यातला कर्नल, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामना मेमरीत जागा वाटून देणारा मूळ प्रोग्राम, त्यानेच लिहिला होता. मेमरी जेमतेम बत्तीस किलोबाइट. म्हणून ज्याला जेवढी लागेल तेवढीच जागा द्यायची आणि काम संपलं की परत घ्यायची, असं त्याने ठरवलं. एक बाइटही वाया जात नाही, याचा त्याला भारी अभिमान होता.

पण यंत्र मधूनच बंद पडायचं. कधी तीन दिवसांनी, कधी पंधरा. पितांबर एसटीने पोचेपर्यंत कुणीतरी ते बंद करून पुन्हा चालू केलेलं असायचं आणि सगळं सुरळीत दिसायचं. चौथ्या खेपेला मॅनेजर म्हणाले, "आता पुन्हा बंद पडलं तर उचलून न्या."

तो पडल्या चेहऱ्याने निघाला, तेव्हा टाक्यांवर काम करणाऱ्या कमलबाईंनी हाक मारली आणि एक जाड वही पुढे केली.

"भाऊ, मशीन कवय बंद पडनं, बठ्ठं लिखेल शे."

यंत्र येण्याआधी दर तासाला तापमान लिहिणं हे त्यांचंच काम होतं. यंत्र आल्यावर कुणी सांगितलं नाही, तरी त्या लिहीतच राहिल्या होत्या. कोणत्या टाकीत कोणतं तेल, कधी चढवलं, कधी उतरवलं, यंत्र कधी बंद पडलं, सगळं.

"अक्का, यात तुम्हाला काही दिसलं का?"

"एकच तेल राहस तवय चालस. सरकी आनि शेंगदाणा संगे चालनात का बंद पडस."

पितांबर तिथेच पोत्यावर बसला. यंत्राच्या मेमरीत सरकीच्या नोंदींना मोठी जागा लागे, शेंगदाण्याच्या नोंदींना छोटी. मोठी जागा रिकामी झाली की तिच्यात छोटी नोंद शिरे आणि उरलेला तुकडा पडून राही. असे तुकडे साठत जात. त्यांची बेरीज पुष्कळ भरे, पण सरकीसाठी सलग मोठी जागा मागितली की कुठेच सापडत नसे. तिथे यंत्र अडे.

धुळ्याला परतल्यावर त्याने मेमरीचे एकसारखे कप्पे पाडायचं ठरवलं. नोंद मोठी असो की छोटी, कप्पा एकच. कारखान्याचे मालक कन्हैयालालजी कुरकुरले, "शेंगदाण्याला अर्धा कप्पा रिकामाच जाणार. मेमरी काय फुकट येते?"

"जाऊ द्या, शेठजी. पण जास्तीत जास्त किती कप्पे लागतील ते आधीच सांगता येतं. कुठलाही रिकामा कप्पा कुठल्याही नोंदीला चालेल, यंत्र अडणार नाही."

शेठजींनी थोडा विचार करून होकारार्थी मान हलवली.

अख्खा हंगाम यंत्र एकदाही थांबलं नाही. हंगाम संपल्यावर पितांबर कमलबाईंच्या घरी गेला. त्याने वाकून नमस्कार केला, तशा त्या गोंधळून मागे सरकल्या.

"अहो भाऊ, हे काय!"

"अक्का, तुमच्यामुळे माझं काम टिकलं. मी चार वेळा येऊन गेलो, पण तुम्हाला एकदाही विचारलं नाही."

त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "बावीस वरीस लिखी ऱ्हायनू भाऊ. तुम्हीच पहिले वाचं."

मग त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.