पश्चिमेकडचा कागद

पहिली चीर सुलक्षणाला दसऱ्यानंतर दिसली. काकडीचे वाळके वेल उपटून बांधावर ढीग लावला होता आणि पॉलिहाऊस रिकामं पडलं होतं. तीन आठवड्यांत ढोबळी मिरचीची रोपं यायची होती. त्याआधी छताचा आणि बाजूंचा प्लास्टिकचा कागद धुवायचा, ठिबकच्या नळ्या साफ करायच्या, मातीच्या बेडमध्ये शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळायची, बाजूचे पडदे नीट गुंडाळले जातात का बघायचे, अशी कामं होती. पारोळ्याकडच्या त्या उघड्या माळावर थंडीत पहाटेचा वारा असा सुटतो की कोवळं पान काळं पडतं. त्यामुळे संध्याकाळी पडदे खाली सोडले की आत कुठूनही वारा शिरता कामा नये.

चीर पश्चिमेच्या बाजूला, डोक्याच्या वर होती, वीतभर लांब. वाऱ्याने फाटलेला कागद वेडावाकडा फाटतो. ही कडा सरळ होती.

पश्चिमेला झुलालनानांचं कपाशीचं वावर. पावसाळ्यात पॉलिहाऊसच्या छताचं पाणी त्यांच्या वावरात उतरलं आणि कपाशीच्या तीन ओळी सडल्या. नाना बांधावर येऊन म्हणाले होते, "तुन्हा तंबूनं पानी मन्हा वावरमा कसाले?" पाणी वळवायला चारी खोदते म्हणून सुलक्षणाने सांगितलं होतं, पण खोदली नव्हती. ती चीर बघताना तिला नानांचा तोच चेहरा आठवला.

तिने चिकटपट्टी लावली. नवरा अमृत धुळ्याला कारखान्यात कामाला होता. संध्याकाळी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "उगाच कुणाचं नाव घेऊ नकोस."

"नाव कुठे घेतलं? बघते फक्त."

चार दिवसांनी आणखी दोन चिरा निघाल्या. त्याच बाजूला.

त्या दिवशी स्वप्नील आला होता. शहरातल्या एका दुकानाकडून पॉलिहाऊसची दुरुस्ती करणारा हा तरुण. कागद धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा घट्ट करणं, पडद्यांच्या हँडलला ग्रीस लावणं, ही कामं त्याला दसऱ्यालाच दिली होती; दर तीन-चार दिवसांनी तो येऊन जायचा. चिरा बघून त्याने च्च् च्च् केलं. "ताई, कागद कुजला. चिकटपट्टीने थंडी निघणार नाही. रोपं यायच्या आत बदलून घ्या."

"कुजलेला कागद असा सरळ फाटतो?"

"मग कुणीतरी कापला असेल," तो म्हणाला आणि त्याची नजर नानांच्या वावराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणाने शाळेच्या मैदानावर आखायला वापरतात ती पांढरी फक्की आणली आणि पश्चिमेच्या बाजूने हातभर रुंद पट्टा टाकला. नाना कपाशी वेचता वेचता थांबून बघत होते. बघू देत, तिला वाटलं. आठवड्याने नवी चीर दिसली, तशी ती धावत बाहेर गेली. फक्कीवर एका होला पाखराचे पाय उमटले होते. माणसाचं पाऊल कुठेच नव्हतं.

म्हणजे कापणारा आतून कापत होता.

आता तिच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली. आत रोज कोण जातं? ती स्वतः, आणि उषा. उषा चार वर्षांपासून तिच्याकडे कामाला होती. किल्ली तिच्याजवळच असे. सकाळी येऊन कुलूप तीच उघडायची. गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या नव्या शेडनेटवाल्याने तिला बोलावलं होतं, हे सुलक्षणाच्या कानावर आलं होतं. इथलं काम बंद पडलं तर तिला तिकडे जायला मोकळीक. असं एकदा मनात आल्यावर उषाचं उशिरा येणं, मध्येच फोनवर हळू बोलणं, सगळंच खटकायला लागलं.

दुपारी उषा हौदावर हात धूत होती. सुलक्षणाने तिची खिळ्याला टांगलेली पिशवी उघडली. भाकरीच्या फडक्याखाली एक पातं होतं, वेलीचे फुटवे छाटायचं. मागे उषा उभी होती.

"पातं कशाला घरी नेतेस?" सुलक्षणाने विचारलं.

"धार लावाले." उषा पिशवीकडे बघत राहिली. "मी कागद फाडसू, असं वाटस तुम्हले? याच कागदखाले मन्हं पोट चालस, वैनी."

"मग कोण फाडतं? तूच सांग."

"माले न इचारता पिशवीमा हात टाका ना तुम्ही?" उषाने किल्ली काढून पाण्याच्या टाकीवर ठेवली आणि पिशवी घेऊन चालती झाली.

तीन दिवस सुलक्षणाने एकटीने बेड ओढले. हाताला फोड आले. चीर नवी पडली नाही, तेव्हा आपलं बरोबरच होतं असं तिने स्वतःला बजावलं. चौथ्या दिवशी स्वप्नील न बोलावताच नव्या कागदाचं माप घ्यायला आला. आत जाऊन त्याने हाक मारली, "ताई, जरा मोटर सुरू करा, नळ्या बघतो."

मोटरीकडे जायची नेहमीची वाट पूर्वेकडून. तिथे काढलेल्या वेलांचा ढीग आडवा पडला होता, म्हणून ती पश्चिमेच्या बांधाने निघाली. कागद धुरकट पांढरा. आतली माणसाची सावली त्यावर दिसत होती. सावलीने हात वर केला. आणि सुलक्षणाच्या समोर, हाताच्या अंतरावर, कागदातून पात्याचं टोक बाहेर आलं. ते सावकाश खाली सरकलं, वीतभर.

 तिने ओरडून हाक मारली, "स्वप्नील!"

टोक आत गेलं. कपाशीतून झुलालनाना उठून उभे राहिले. त्यांनीही पाहिलं होतं.

स्वप्नील दारात आला तेव्हा घामाघूम झाला होता. "टेस्ट करत होतो ताई. कागद किती कुजला ते."

"काय करी राहिना रे तू?" नाना बांध ओलांडून आले. "चांगला कागद फाडीसन टेस करस का?"

तेव्हा सुलक्षणाच्या ध्यानात आलं, एकही चीर तो येऊन गेल्याशिवाय सापडली नव्हती. प्रत्येक वेळी तिने त्याला चहा दिला होता. तो गाडी काढून निघून गेला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, पोरगा आमचा नोकर नाही, कागद खपवला तर कमिशन घेतो, एवढंच. नवा कागद तिने घेतला नाही. सगळ्या चिरा दोन्ही बाजूंनी पट्टी लावून बुजवल्या. वरची टोकं ताणून धरायला नाना शिडीवर चढले.

"तुले मन्हावर बी शक व्हता ना?" त्यांनी वरूनच विचारलं.

"होता, नाना."

"तू फक्की टाकी तवयच समजनं माले." ते खाली उतरले. "पहिले चारी खोद. बाकी बठ्ठं मंग."

तिने दोन दिवसांत चारी खोदून घेतली. मग उषाच्या घरी गेली. उषा अंगणात शेंगा फोडत होती. बस म्हणाली नाही.

"चुकलं माझं," सुलक्षणा उभ्यानेच म्हणाली. "तो स्वप्नील होता."

"गावमा समजनं." उषाने चार शेंगा फोडल्या. "तो सापडता नई ते?"

 उषाने खरं तेच विचारलं होतं. तो सापडला नसता तर सुलक्षणा आज इथे आलीच नसती.

हातातली टरफलं टाकून उषा म्हणाली, "येसू मी. पन किल्ली नको. आन एकली मी आत जास नई आते. तुम्ही संगे पाहिजेत."

मिरचीची रोपं आली तेव्हा दोघींनी मिळून लावली. सुलक्षणाला मध्येच दुसरं काम निघालं की उषा दाराबाहेर थांबायची, त्यामुळे लागवडीला दोनाऐवजी पाच दिवस लागले.