एकच झेंडा

मकरंदच्या नव्व्याण्णव गोलांपैकी चाळीस तरी माझ्या हातचे. मारले माझ्या नवऱ्यानं, पण पांढरा कोट घालून, खांबांमागे वाऱ्यात कुडकुडत ते ठरवले मी. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू मधल्या दोन खांबांतून साफ गेला की दोन झेंडे, गोल, सहा गुण. खांबाला नुसता चाटून गेला तर एक झेंडा, एक गुण. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या आमच्या हौशी क्लबात हे काम कुणालाच नको असायचं. "घरी बसून काय करतेस?" म्हणत मकरंदनं झेंडे माझ्या हातात कोंबले. डिपेंडंट व्हिसावर आलेली बायको, तिला कसला आलाय नकार!

नऊ वर्षं एकच पालुपद: शंभर झाले की थांबतो. घर शंभरानंतर, मूल शंभरानंतर. दिवस मात्र आधीच गेले. तिसऱ्या महिन्यात, एका शनिवारी घरी एकटी असताना रक्त जायला लागलं. फोन केला, तर म्हणाला, "शेवटचा क्वार्टर राहिलाय गं. टॅक्सी कर, काही होत नाही, तू ग्रँड असशील." संध्याकाळी चिखलाच्या बुटांनिशी हॉस्पिटलात आला. सगळं संपलं होतं. डोळे पुसत म्हणाला, "सहा मारले, स्वप्ना." मेल्या! ते सहाही त्या नव्व्याण्णवात आहेत.

काल त्याची शेवटची मॅच. गुडघा कामातून गेलाय, डॉक्टरांनी यानंतर खेळणं कायमचं बंद केलंय. सासूबाई साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आलेल्या. शेवटच्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला. सगळा क्लब मैदानात धावायला टपलेला. शंभराव्याला तशी रीतच आहे. त्यानं मारला. चेंडू त्याच्या उजवीकडच्या खांबाच्या वीतभर आतून गेला. ती वीत फक्त मला दिसली.

मी एकच झेंडा उचलला. "खांबाला लागला," म्हटलं.

कप्तान अंगावर धावून आला. मकरंदनंच लंगडत येऊन त्याला अडवलं. "माझी बायको खोटं बोलत नाही. ती एक म्हणाली म्हणजे एक."

परतताना गाडी मी चालवत होते. शेजारी तो हमसून हमसून रडत होता. "जरासा डावीकडे मारायला हवा होता गं. माझंच चुकलं."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी टॅक्सीत मीही हेच घोकत होते, माझंच काहीतरी चुकलं.

मागे सासूबाई पेढ्यांचा बॉक्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

"द्या की आई एक पेढा," मी म्हटलं. "इतक्या लांबून आणलेत."