दिवाळीनंतरचं औषध

वल्लरीनं रिपोर्टचा कागद डॉक्टरांच्या टेबलावरून स्वतःकडे ओढला आणि पुन्हा वरून खाली वाचला. वाचून काही बदलणार नव्हतं. मुक्ताच्या लघवीत सापडलेल्या जंतूंवर नेहमीची बहुतेक औषधं चालत नाहीत, असं त्यात छापलं होतं. दोन वर्षांची पोर शेजारच्या खोलीत तापानं फणफणत होती, आणि जे एक इंजेक्शन चालण्यासारखं होतं ते आता शिरेतून सुरू होणार होतं.

“याआधी कुठली अँटिबायोटिक्स झालीत हिला?” डॉ. सुदर्शन यांनी विचारलं.

“एकही नाही.”

“नीट आठवा.”

“आठवायचं काय त्यात? जन्मल्यापासून एक थेंब नाही. मी देऊच दिलेलं नाही.”

यात तसूभरही खोटं नव्हतं. मगरपट्ट्याच्या कंपनीत दिवसभर कोडिंग करून उरलेल्या वेळात वल्लरी मुलांच्या औषधांविषयी नेटवर वाचत बसे. मांजरी गावात फ्लॅट घेतल्यावर तिनं मुलांचा डॉक्टर निवडला तोही औषध हात राखून देणारा. सासरचे नारायण पेठेतले डॉक्टर शिंक ऐकली तरी पाच दिवसांचा कोर्स लिहीत. त्यांची पायरी मुक्तानं चढायची नाही, हा तिचा दंडक होता. औषधं खाऊन खाऊन असं होतं हे तिला पाठ होतं. न खाता कसं झालं, हे मात्र कुठल्याच साइटवर लिहिलेलं नव्हतं.

मग तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नवरा पुष्कर कंपनीच्या कामासाठी ऑनसाइटला अमेरिकेत. दिवसभर मुक्ताजवळ असतात त्या सासूबाई. आणि सासूबाईंची पेठेतल्या डॉक्टरांवर देवावर असावी तशी श्रद्धा.

मंदाकिनीबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. वल्लरी त्यांच्यासमोर उभी राहिली.

“आई, तुम्ही मुक्ताला काही दिलं होतंत का? मला न सांगता?”

“मी?” मंदाकिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुझ्या घरात पोरीला मध चाटवायचा तरी आधी तुला मेल करावी लागते.”

“मी सरळ विचारतेय.”

“मीही सरळच सांगतेय. नाही.”

वल्लरीला ते पटलं नाही. पटलं असतं तर ती कुणावर रागावणार होती? दिवसभर तिनं तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, आणि त्यांनी घरून आणलेला डबा तसाच परत केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. सुदर्शन मुक्ताला तपासायला आले. ताप अजून उतरला नव्हता, पण पोरीनं डोळे उघडून पाणी मागितलं होतं.

“आज संध्याकाळपर्यंत फरक दिसायला हवा,” ते म्हणाले. “कालचं जरा पुढे विचारतो. हिला दिलं नसेल, तर घरात दुसरं कुणी वरचेवर अँटिबायोटिक घेतं का? असे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. आईकडून बाळाकडे तर सहज.”

“मीच दिलं होतं हिला,” मंदाकिनीबाई एकदम म्हणाल्या.

वल्लरीनं मान वळवली.

“दिवाळीनंतर. सर्दी झाली होती. आमच्या पेठेतल्या डॉक्टरांकडून आणलं. सुनेला बोलले नाही.”

“बरं झालं सांगितलंत,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “इंजेक्शन तेच राहील. त्यानं काही बदलत नाही.” आणि ते पुढच्या कॉटकडे गेले.

वल्लरीला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटावी इतकं. तिनं लगेच पुष्करला मेसेज केला, ‘आईंनीच दिलं होतं.’ मग सासूबाईंनी पुढे केलेला डबा घेऊन ती खिडकीपाशी बसली. कालपासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

पहिला घास हातात असतानाच ती थांबली. दिवाळीनंतर? दिवाळीनंतर मंदाकिनीबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी घेऊन त्या पेठेतच होत्या. ते दिवस वल्लरीनं रजा काढून मुक्ताजवळ काढले होते.

“आई, दिवाळीनंतर तुम्ही मांजरीला कुठे होतात?”

“असेल बाई. आठवत नाही.”

“मग खोटं का सांगितलंत?”

मंदाकिनीबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

“तुझी ऑफिसची बॅग रविवारी मी झटकते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “रिकामी पाकिटं मीच टाकते.”

वल्लरीला आधी कळेचना. कुठली पाकिटं? सॉफ्टवेअर रिलीजच्या आठवड्यात घसा धरला की ऑफिसखालच्या मेडिकलमधून ती अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्यायची. आजारी पडायला सवड कुणाला होती? दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या बॅगेतच राहायच्या, पुढच्या खेपेला. पण त्या तिच्या होत्या. मुक्ताला तिनं कधी... तिला पुढे विचार करवेना. डॉक्टर खात्रीनं काही म्हणाले नव्हते. एकाकडून दुसऱ्याकडे जातात, एवढंच म्हणाले होते. पेठेत, बसमध्ये, बागेत, कुणाकडूनही आले असतील. असतील ना?

मंदाकिनीबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, आणि पलीकडचा पुष्करचा चढलेला आवाज वल्लरीलाही ऐकू आला.

“हो रे,” त्या म्हणाल्या. “चुकलंच माझं. नाही, आता विचारल्याशिवाय नाही देणार.”

“आई, द्या इकडे,” वल्लरीनं खरकटा हात पुढे केला. “मी सांगते त्याला.”

मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे पाठ केली.

“ती?” त्या फोनमध्ये म्हणाल्या. “आत्ता नको. जेवतेय ती.”