पहिला टेक

उमरठच्या चढावर मुरारी भाताचं भरलेलं पोतं घेऊन पुन्हा पुन्हा चढत होता. कॅमेऱ्यामागे कमलाकर होता. तो जुना, रिळावर सिनेमे काढलेला माणूस. रीळ महाग, म्हणून तेव्हा दुसऱ्या टेकलाच निर्माता बोंबलायचा. आता कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पुसलं की कोरं.

"काका, आणखी एकदा!" दिग्दर्शक मुकुल ओरडला.

"सायेब, तुमच्या मशिनीला दम लागत नाय, मला लागतो. पोत्यात भुसा तरी भरा!"

"खोटं दिसतं, काका."

'बस करा' हे शब्द कमलाकरने गिळले आणि बटण दाबलं. मुरारी अर्ध्या चढावर पोत्याखाली कोसळला, तो उठलाच नाही.

सिनेमा महाडला लागला तेव्हा कमलाकरने पाहिलं, मुकुलने पहिलाच टेक वापरला होता.